मधलं घर

चाखणीच्या दिवशी सकाळी आत्या नेहमीसारखी जिना उतरून खाली आली, कामाच्या खोलीत कुणी नाही असं बघून तिने कोकोचा मोठा डबा उघडला आणि त्यात जवळजवळ अख्खं तोंड घातलं. काही नाही. नाकाच्या शेंड्याला भुकटी लागली, तेवढीच.

तिने नाक पुसलं, डबा बंद केला आणि डब्यालाच दोन शिव्या घातल्या.

त्या भल्यामोठ्या सर्दीने जाताना आत्याचं वासाचं ज्ञानही बरोबर नेलं होतं. गावाच्या पार दुसऱ्या टोकाचा नाकाचा डॉक्टर गाठून तिने गुपचूप दाखवून घेतलं, तर तो म्हणाला, येईल परत, नाहीतर नाही येणार. एवढं तर तिलाही कळत होतं. जिभेला गोड लागायचं, कडू लागायचं, आंबट-खारटही लागायचं; पण गोड म्हणजे काय गोड, याचा पत्ता नसायचा. डोळे मिटायला लावून कॉफीचं आणि संत्र्याचं चॉकलेट पुढे केलं असतं तर तिला दोन्ही सारखीच होती. इतर कुणाच्या घरात हे झालं असतं तर बिचारीला सगळ्यांनी वाफारे दिले असते आणि विषय संपला असता. या घरात मात्र आत्याचं नाक म्हणजे दुकानाचं दार होतं.

अण्णांनी, म्हणजे आत्याच्या वडिलांनी, बरणीतल्या साखरेच्या गोळ्यांपासून सुरुवात करून हे चॉकलेटचं दुकान उभं केलं. जाताना त्यांनी दुकान मुलाच्या नावावर केलं आणि मुलीला दिलं ते चॉकलेट घोटायच्या ओट्यावरच्या संगमरवरी फरशीपाशी असलेलं उंच स्टूल. "दुकान कुणीही चालवील, जीभ फक्त हिलाच आहे," असं ते चारचौघांत म्हणाले होते. तेव्हापासून त्या स्टुलावरून 'जाऊ दे' असं ऐकू आल्याशिवाय एकही नवा प्रकार काचेच्या कपाटात गेला नव्हता. धाकट्या भावाला दुकानातले लोक मालक म्हणायचे म्हणून घरचेही थट्टेने मालकच म्हणत. पण मालकांचा हुकूम स्टुलापर्यंत पोचला की तिथंच थबकायचा.

आणि चाखणी म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. वर्षअखेरच्या सुट्ट्यांत एकमेकांना भेट द्यायला लोक या दुकानाची पेटी न्यायचे. ती हातात घेऊन कुणी दारात उभं राहिलं की आतल्या माणसाला वाटायचं, चला, आपल्याला काहीतरी किंमत आहे. पेटीत कडेने लहान लहान घरं आणि मधोमध एक मोठं. कडेची चॉकलेटं अण्णांच्या वेळचीच, त्यांना कुणी हात लावायचा नाही. मधल्या घरात दर वर्षी नवं बसायचं, ते कुठलं हे चाखणीत ठरायचं, आणि झाकणावर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत छापलं जायचं. या वर्षी मधल्या घरासाठी दोन उमेदवार होते: मालकांची मुलगी, म्हणजे धाकटी, आणि मालकांची सून. म्हणजे नणंद आणि भावजय. मागच्या वर्षी पिस्त्यावरून त्यांच्यात जे झालं ते अजून कुणी विसरलं नव्हतं.

अण्णांचा नियम असा की आधी स्टुलावरच्याने खायचं, आणि त्याचं मत बाहेर पडेपर्यंत बाकीच्यांनी तोंडं सरळ ठेवायची. सर्दीनंतर आत्याने हा नियम उलटा केला. "आधी तुम्ही खा, मी मागून," असं ती म्हणू लागली, वय झाल्यावर माणूस उदार होतो अशा थाटात. मग स्टुलावरून ती एकेकाचं तोंड वाचायची. मालक काहीही खाल्लं तरी हसतात, म्हणून ते आधी वजा करायचे. वहिनींना, म्हणजे मालकीणबाईंना, आवडलं की त्या लगेच दुसरा तुकडा उचलतात आणि "उगाच उरला होता म्हणून" असं पुटपुटतात. धाकटीच्या भुवया वर जातात. सून डोळे मिटते. आणि मालकांच्या थोरल्या मुलाला तर लहानपणापासून काही लपवताच येत नाही. या सगळ्यांची गोळाबेरीज करून आत्या 'जाऊ दे' म्हणायची.

हे बेमालूम चाललं होतं. निदान आत्याचा तरी तसा समज होता. आज हे निभावलं की सुट्ट्या येतील, सुट्ट्यांनंतर कदाचित नाकही येईल. आणि आज कळलं तर स्टूल गेलं. स्टूल गेलं की आपण काय, वरच्या खोलीतली एक म्हातारी, जिला जेवायला हाक मारायची. आत्याला याची मनापासून भीती वाटत होती.

*

थोरला दातांचा डॉक्टर झाला तेव्हा या घरात तो घर सोडून पळून गेल्यासारखी रडारड झाली होती. "आपण लोकांना गोड खाऊ घालायचं आणि याने पुढच्या चौकात त्यांचे दात उपटायचे. लोक म्हणतील, बापलेकांनी ठरवून चालवलंय," असं मालक आठवडाभर म्हणत होते. तेव्हापासून त्याचं नाव दातवाला पडलं. त्याची बायको मात्र लग्न होऊन आली आणि पंधरवड्याच्या आत ॲप्रन बांधून फरशीपाशी उभी राहिली. नवऱ्याने सोडलेली जागा आपण भरून काढायची, असं तिने स्वतःशीच ठरवलं होतं. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि भरली असंही अजून कुणी म्हटलं नव्हतं.

दुपारी ती जेवणाचा डबा घेऊन दवाखान्यात आली. खुर्चीवर पेशंट नव्हता, म्हणून तीच त्या खुर्चीत बसली.

"आज तोंड कसं ठेवणार आहेस?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे आत्या तुझ्याच तोंडाकडे सगळ्यात जास्त बघतात. त्यांना वास येत नाही, हे तुला माहीत नाही असं सांगू नकोस."

दातवाल्याच्या हातातला घास हातातच राहिला. "तुला कधी कळलं?"

"तू शर्टावर लवंगेचं तेल सांडून आला होतास, त्या दिवशी. एरवी त्या वासापायी आत्या तुला पार जिन्यापाशी बसवतात. त्या दिवशी शेजारी बसून शांतपणे जेवल्या."

"मलाही तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "पण बोललो असतो तर ते स्टूल... म्हणून मग मी आवडलं की जरा जास्तच हसायला लागलो. तिला नीट दिसावं म्हणून."

"मीही डोळे जरा जास्त वेळ मिटते," सून म्हणाली, आणि दोघं हसायला लागली. पण हसून झाल्यावर ती गंभीर झाली. "आज तसलं काही करू नकोस. माझं आवडलं नाही तर हसायचं नाही. मी ठरवलंय, माझ्या ताटलीला मी तोंड दगडासारखं ठेवणार, आणि धाकटीच्या ताटलीला मनापासून दाद देणार. नाहीतर ती आत्यांची शुद्ध फसवणूक होईल."

"छान. आणि मी? एकीकडे बायको, एकीकडे बहीण. हसलो तरी मेलो, नाही हसलो तरी मेलो."

"खरं असेल ते दिसू दे."

"या घरात?" दातवाला म्हणाला.

ती डबा उचलून निघून गेली. दातवाला बराच वेळ ट्रेमधल्या इंजेक्शनकडे बघत बसला. आणि मग त्याला अशी एक कल्पना सुचली, जी दातांच्या डॉक्टरलाच सुचू शकते आणि त्यालाही सहसा सुचू नये.

*

दुकानाच्या मागच्या टेबलावर मालकीणबाई आणि धाकटी रिकाम्या पेट्यांना फिती बांधत होत्या. मालकीणबाईंचा फितीचा फुगा असा बसायचा की गिऱ्हाईक तो सोडायला कचरायचं. धाकटीचा फुगा तिच्यासारखाच, एक कान वर आणि एक खाली.

"आज मी तुझ्या ताटलीतले लागोपाठ दोन तुकडे उचलणार आहे," मालकीणबाई मान वर न करता म्हणाल्या. "तू काळजी करू नकोस."

"उचल की. पण काळजीचा काय संबंध?"

"वन्संना दिसायला नको?"

धाकटीने फीत खाली ठेवली. "आई, तुला माहितीये?"

"घ्या! अगं, दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला, शेजारची बाई विचारायला आली आणि वन्सं शेगडीच्या बाजूला उभ्या राहून पेपर वाचत होत्या. मी आंधळी आहे का?"

"आणि बाबांना?"

"त्यांनीच तर मला बजावलं, ताईला काही बोलू नकोस म्हणून. तेव्हापासून बघ ना, कसे हसत सुटलेत."

"ते आधीही हसायचे."

"आता आवाज काढून हसतात."

धाकटीला हसू आलं नाही. संत्र्याची साल पाकात कशी मुरवायची हे तिला आत्यानेच शिकवलं होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून ती स्टुलाच्या पायाशी बसायची आणि आत्या वरून एकेक तुकडा तिच्या तोंडात टाकून "काय लागलं, सांग" म्हणायची. या वर्षी तिने केलं होतं ते त्याच सालीचं, भाजलेल्या बदामाबरोबर. आत्याने तोंडात टाकावं आणि एक क्षण बोलूच नये, एवढीच तिची इच्छा होती. महिनाभर ती त्या एका क्षणासाठी राबली होती.

"मला असं जिंकायचं नाही, आई. तू दोन तुकडे उचलल्यामुळे."

"मग कसं जिंकायचंय?"

"आत्याला खरंच आवडून."

मालकीणबाईंचे हात थांबले. "ते आता कसं व्हायचं गं?" त्या हळूच म्हणाल्या.

धाकटीने पुन्हा फीत उचलली. "मी माझ्या ताटलीला तोंड सरळ ठेवणार. आणि वहिनीच्या ताटलीला हसणार. कितीही वाईट असलं तरी."

"वाईट नसेल ते," मालकीणबाई म्हणाल्या. "तेच तर दुखणं आहे."

*

चारच्या सुमारास दुकानाचं शटर अर्धं ओढलं. संगमरवरी फरशी पुसून लख्ख केली होती, तिच्यावर दोन पांढऱ्या ताटल्या. आत्या स्टुलावर चढून बसली. सगळे जमले, फक्त दातवाल्याचा पत्ता नव्हता. छापखान्यातून एकदा फोन येऊन गेला होता. झाकणावर काय छापायचं ते आज संध्याकाळच्या आत कळायला हवं, नाहीतर पेट्या सुट्ट्या संपल्यावर मिळतील, असं तिकडचा माणूस म्हणत होता.

शेवटी दातवाला आला, तो तोंडाला रुमाल लावून.

"काय रे, काय झालं?" मालकांनी विचारलं.

"कायी नाही," तो म्हणाला आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

"आधी तुम्ही खा," आत्या म्हणाली. "मी मागून."

पहिली ताटली धाकटीची. सगळ्यांनी एकेक तुकडा उचलला आणि आत्याने नजर रोखली. मालक खो-खो हसले, ते वजा. वहिनींनी लागोपाठ दोन तुकडे उचलले, पण इतक्या घाईने, की पहिला तोंडात जायच्या आधीच दुसरा हातात होता. सुनेने डोळे मिटून "वा!" म्हटलं. हे नवीनच होतं, ती कधी बोलायची नाही. धाकटी स्वतः भिंतीसारखी उभी. आणि थोरला? त्याच्या तोंडाची उजवी बाजू हसत होती आणि डावी बाजू खाली लोंबत होती. त्या बाजूने चॉकलेटचा एक ओघळ हनुवटीपर्यंत आला होता आणि त्याचं त्याला भानही नव्हतं.

आत्याने दुसरी ताटली पुढे सरकवायला सांगितली.

सुनेचं खाऊनही मालक तितकंच हसले. वहिनींनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. मग उजवा हात आपणहून ताटलीकडे निघाला आणि डाव्याने तो पकडून परत आणला. धाकटी बत्तीशी दाखवून हसत होती, पेस्टच्या जाहिरातीतल्या बाईसारखी. सून दगड. थोरला पुन्हा अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

"अरे, तुझ्या थोबाडाला झालंय तरी काय?" आत्या ओरडली.

"थुई घेतली."

"सुई? कुणी दिली?"

"मीच."

"कुणाला?"

"मलाच," दातवाला ओशाळून म्हणाला.

सुनेने कपाळावर हात मारला. धाकटीला हसू फुटलं, ते खरं होतं; पण आत्याच्या ते काही कामाचं नव्हतं. इतके दिवस ज्या तोंडांवर तिची भिस्त होती, त्या तोंडांनी नेमका आजच संप केला होता. आता उरली आपली जीभ.

तिने धाकटीचा तुकडा तोंडात टाकला. तकाकी सुरेख, वितळणं लोण्यासारखं. गोड. मागून किंचित कडू. त्यापुढे काही नाही, पांढरी भिंत. हे पोरीने कशाचं केलंय, हेसुद्धा तिला सांगता आलं नसतं.

मग तिने सुनेचा तुकडा चावला.

कडकन आवाज झाला. तो आधी कानात घुमला. मग करपवलेल्या साखरेचा पापुद्रा जिभेला टोचला, मग मीठ लागलं, आणि मग मिरी अशी झोंबली की घशातून थेट डोळ्यांत पाणी आलं. आत्या स्टुलाची कड धरून बसून राहिली. इतक्या दिवसांत तिच्या तोंडात पहिल्यांदा काहीतरी घडलं होतं. तिला रडावंसं वाटलं, आणखी एक खावंसं वाटलं, सुनेला जवळ ओढावंसं वाटलं.

किती सोपं होतं! नुसतं बोट दाखवून 'जाऊ दे' म्हणायचं. स्टूल शाबूत, गुपित शाबूत. पण आत्या कितीही लबाड झाली होती तरी अण्णांची मुलगी होती. आपल्याला एवढंच लागतं म्हणून हे चांगलं, असं स्टुलावरून म्हणता येत नाही, हे तिला कळत होतं. फोन पुन्हा वाजायला लागला. मालक उठून "हो हो, आत्ता सांगतो, आत्ता" असं त्यात म्हणून आले.

"मला वास येत नाही," आत्या म्हणाली. "सर्दीपासून. मला कशातलं काही कळत नाहीये."

"माहितीये," मालक म्हणाले. त्यांच्या तोंडात अजून चॉकलेट होतं.

आत्याने एकेकाकडे बघितलं. मालकीणबाईंनी मान हलवली. सुनेने मान खाली घातली. धाकटीने आईकडे बोट दाखवलं आणि आईने धाकटीकडे.

"थगळ्यांना माहितीये," दातवाला कोपऱ्यातून म्हणाला.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही मला नाटक दाखवत होतात?"

"आणि ताई, तू आम्हाला काय दाखवत होतीस?" मालक म्हणाले.

आत्याला एकदम काहीतरी आठवलं. "थांबा. मग ते बडीशेपेचं? ज्याला तुम्ही सगळे हसला होतात? ते कुणाला आवडलं होतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मला वाटलं, बाबांना आवडलंय," सून म्हणाली.

"मला वाटलं, तुला," मालक म्हणाले.

"भयंकर होतं ते, वन्सं," मालकीणबाई म्हणाल्या. "मी दुसरा तुकडा उचलला तो रुमालात बांधून फेकून दिला."

"आणि मी 'जाऊ दे' म्हटलं! तरीच दुकानात माश्यासुद्धा फिरकल्या नाहीत!" असं म्हणून आत्या जी हसायला लागली, ती स्टुलावरून पडायचीच बाकी राहिली. मग सगळेच हसले. दातवाल्याला हसताना रुमाल लावावा लागला.

हसू ओसरल्यावर आत्याने डोळे पुसले. "छापखान्याला उत्तर द्यायचंय. आता तोंडं करायची नाहीत, बोलायचं. धाकटीचं कसं आहे? तू सांग रे."

"चांगलं आहे," मालक म्हणाले.

"चांगलं म्हणजे काय? मला वास येत नाही, चांगलं ऐकून मी काय करू?"

मालक कधी चवीबद्दल दोन वाक्यं बोलले नव्हते. ते काम बहिणीचं, असं लहानपणीच ठरून गेलं होतं. त्यांनी आणखी एक तुकडा घेतला, आणि या वेळी ते हसले नाहीत.

"अण्णांच्या हातासारखं आहे," ते म्हणाले. "सुट्ट्यांच्या आधी ते दिवसभर संत्री सोलत बसायचे बघ. आणि आपल्याला झोपवायला वर आले की तोंडावरून हात फिरवायचे. साबणाने धुतला तरी तो वास जायचा नाही. तसं आहे. आधी तो हात. मग सकाळी भट्टी उघडली की बदामाचा पहिला झोत येतो ना अंगावर..."

"येतो," आत्या म्हणाली. तिचा हात गालावर गेला होता. "आला."

ती रडत होती आणि तिने ते लपवलं नाही. धाकटीने आपल्या ताटलीकडे बघितलं, मग आत्याकडे. ज्या क्षणासाठी महिनाभर राबलो तो असा वळसा घालून येईल, असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"आता सुनेचं," आत्या म्हणाली. "धाकटे, तू सांग. खरं सांग."

धाकटीने तुकडा चावला, डोळे बारीक केले. "कुरकुर छान. मीठ बरोबर. मिरी झोंबते आणि मग..." ती थांबली. "मग चॉकलेट मागेच राहतं. वास जवळजवळ नाहीच. वहिनी, हे तू वासाचं केलेलंच नाहीस. मुद्दाम."

सुनेचा चेहरा लाल झाला. "आत्या इतके दिवस नुसत्या आमची तोंडं बघत होत्या," ती म्हणाली. "त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचावं, एवढंच होतं मनात. मधल्या घराचं मी... शेवटी शेवटी विसरलेच होते."

"म्हणजे स्टुलावर बसलेल्याला लागेल असंच केलंस! आणि मी इकडे तुझ्यासाठी मूर्खासारखी दात काढून हसत होते!"

"मीही तुझ्यासाठी 'वा' म्हटलं! पण ते खरं होतं. आणि तुला ही लबाडी वाटत असेल तर मी ताटली मागे घेते." तिने खरंच ताटली उचलली.

"ठेव ती खाली," आत्या म्हणाली. "तुम्ही दोघी भांडायला लागलात की मला अगदी अण्णा आणि मी आठवतो. ऐका. मधल्या घरात धाकटीचं जाईल. पेटी घेणाऱ्यांची नाकं शाबूत असतात."

सुनेने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण तिला ते पटलं होतं. मालक छापखान्याला नाव कळवायला फोनकडे धावले. तेवढ्यात आत्या सगळ्यांच्या देखत स्टुलावरून खाली उतरली. चाखणीच्या दिवशी असं कधी झालं नव्हतं.

"चढ," ती सुनेला म्हणाली.

"मी?"

"आम्ही सगळे आपल्याला काय लागतं ते बघतो. तू दुसऱ्याला काय लागेल ते बघितलंस. स्टुलावर तेच करायचं असतं, बाकी काही नाही. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन. तू खायचं आणि मला सांगायचं. आणि नुसतं 'चांगलं आहे' म्हणालीस तर खाली ओढीन."

सुनेने नणंदेकडे बघितलं. ते स्टूल एक दिवस धाकटीचं होणार, असं घरात सगळे धरून चालले होते, स्टुलाच्या पायाशी बसून मोठी झालेली धाकटीही. धाकटी जरा वेळ फरशीवरचा नसलेला डाग पुसत राहिली.

"बस गं," शेवटी ती म्हणाली. "मला बसून काही सुचत नाही. माझी जागा इथं, फरशीपाशी."

सून चढून बसली. पाय टेकत नव्हते. तिने धाकटीचा एक तुकडा घेतला आणि सगळ्यांनी जुन्या नियमाप्रमाणे तोंडं सरळ केली. दातवाल्याचं जमेल तेवढं झालं.

"साल अजून थोडी मुरायला हवी होती," सून म्हणाली. "शेवटी जराशी कडवट आहे."

"काय!" धाकटी किंचाळली.

आत्याने भावाकडे बघितलं. "आहे का रे?"

"आहे," मालक म्हणाले. "मघाशीच जाणवलं होतं."

"मग हसत काय होतात, बाबा?"

धाकटीने रागारागाने एक तुकडा तोंडात कोंबला, चावला, आणखी चावला. "आहे," ती म्हणाली. "आहे कडवट. उद्या नवी साल घालते."

"मला मिरी लागली!" दातवाला कोपऱ्यातून ओरडला. बधिर करणाऱ्या सुईचा असर उतरायला लागला होता. "डाव्या बाजूला! मस्त आहे हे!" आता त्याचा काही उपयोग नव्हता, तरी त्याच्या बायकोने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी हसलं.

आत्याने सुनेच्या ताटलीतला शेवटचा तुकडा उचलला. "हे विकायचं नाही. हे माझं," असं म्हणून तिने तो तोंडात टाकला. कडकन आवाज आला.

स्टुलावर बसलेली सून पुढे वाकली. "कसं आहे, आत्या?"

आत्याने अण्णांच्या नियमाप्रमाणे तोंड अगदी सरळ ठेवलं होतं. फक्त डोळे वाहत होते.

"पोचलं," ती म्हणाली.